वरच्या मजल्यावरचं परकं व्हायोलिन

सूपासाठी बटाटे सोलत होते. निम्मे झाले असतील, तेवढ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्या व्हायोलिनच्या बाईंनी, मादमोझेल ओर्तान्सनी, तारांना गज लावला आणि माझी सुरी थांबली. हा त्यांच्या व्हायोलिनचा आवाज नव्हे. आमच्या गावात घरटी कुणीतरी व्हायोलिनं बनवतं. चालीवरून माणूस ओळखावा तसं आम्ही आवाजावरून वाद्य ओळखतो. माझे यजमान फिर्मां रंधा खाली ठेवून म्हणाले, "कारखान्यातलं आहे. नाकात बोलतंय."

मादमोझेलकडचं व्हायोलिन चर्चचं. हयातभर वाजवा, म्हणून दिलेलं. गज बनवणाऱ्याची ही मुलगी पॅरिसला शिकली, नाटकगृहाच्या वाद्यवृंदात तिची उमेदीची वर्षं गेली, लग्न राहिलं ते राहिलंच. मग परत येऊन आमच्या वरच्या, चर्चनं दिलेल्या खोलीत राहून आमच्या पोरांना शिकवू लागली. आधी वर्षभर नुसतं गायचं, नंतर वाद्याला हात. स्वतःच्या वाद्याला तर फादरांनाही शिवू देत नाहीत. मग ते गेलं कुठे? उद्या संगीतकारांच्या संत सेसिलचा सण. चर्चमध्ये मिस्साला त्या वाजवणार आणि सगळं गाव कान टवकारून बसणार. व्हायोलिन नसलं तर खोलीही जाईल आणि अब्रूही.

सकाळीच बेकरीण म्हणाली होती, "विकलं असणार. तरीच हल्ली खिडक्या लावून असतात, सूर ऐकू येत नाही!"

मीठ मागायच्या निमित्ताने वर गेले.

"मीठ कसलं मागता देनीझ, सरळ विचारा की," मादमोझेल म्हणाल्या.

"कुठंय ते?"

"मायलिसकडे. नान्सी शहरातल्या संगीतशाळेची प्रवेशपरीक्षा होती तिची. या कारखान्यातल्या डब्यावर नापास झाली असती."

मायलिस त्यांची शिष्या, खाटकाची मुलगी.

"फादरांना विचारलंत?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाले असते."

"पण ती कालच परत यायची होती ना? तिचा बाप सांगत होता."

मादमोझेल गजाला राळ घासत राहिल्या. पुरे झाली होती, तरी घासतच होत्या.

खरं सांगतात, की पोरीला पुढे करतात? मारियामाते, मला ठरवता येईना. व्हायोलिन टेकवून टेकवून त्यांच्या हनुवटीखाली पडलेला तो काळा डाग दिसला, आणि खोटं म्हणायला जीभ वळेना. विश्वासही बसेना.

त्यांनी कोट चढवला. "येताय स्टेशनवर?"

"बटाटे राहिलेत माझे."

"बटाटे काही नान्सीला पळून जात नाहीत!"

त्या जिन्यात उभ्या आहेत, तेवढ्यात खाली येऊन हे वहीत लिहून ठेवलं. आता आम्ही दोघी स्टेशनवर जातोय, चारच्या गाडीतून मायलिस व्हायोलिन घेऊन उतरते का ते बघायला.