खडूच्या दोन रेघा

काल्हेर, कशेळी आणि शेलारच्या गोदामांतून ट्रेलर बाहेर काढणाऱ्या चालकांनो, ते भरणाऱ्या हमालबंधूंनो, आपलं एक गाऱ्हाणं जुनं आहे. वजनकाट्याच्या चिठ्ठीवर गाडीचं एकूण वजन कायद्यात बसतं. तरी पुढच्या तपासणी नाक्यावर एकाच एक्सलवर, म्हणजे चाकांच्या एकाच आसावर, जास्त भार आहे म्हणून गाडी अडवतात आणि दोष चालकाच्या माथी मारतात. या गाऱ्हाण्यावर मी तुमच्यापुढे कितीतरी भाषणं ठोकली, टाळ्या घेतल्या. गणपतमामा तरे यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात मला दुसरंच सांगायचं आहे. त्या गाऱ्हाण्यावरचा उपाय मामा रोज करत होते, आणि मी तुमच्यादेखत त्यांचंच हसं केलं होतं.

मामांना मी प्रथम पाहिलं ते काल्हेरच्या एका गोदामात. चालक संघटनेचं काम मी नुकतंच हाती घेतलं होतं. मामा तिथे माल भरून घेणारे मुकादम. रिकाम्या ट्रेलरमध्ये ओणवे होऊन ते तळावर खडूने दोन आडव्या रेघा ओढत होते. एक, ट्रेलर पुढच्या घोड्यावर, म्हणजे त्याला ओढणाऱ्या इंजिनगाडीवर, टेकतो तिथे. दुसरी, ट्रेलरच्या स्वतःच्या चाकांवर.

"मामा, रांगोळी काढताय का?" मी विचारलं.

"काढतो हाय. तुमी पाय नका ठेवू."

मामांच्या वडिलांची कशेळीच्या खाडीत होडी होती. ती भरता भरताच मामा हे काम शिकले. ते सांगत, "माल किती हाय ते मागनं. कुठं हाय ते आदी बगायचं. सगला मागं टाकला तर होडीचं नाक वर."

आपली रीत वेगळी. जो माल आधी उतरवायचा तो दाराशी, मग तो कितीही जड असो. मामा जड माल दोन्ही रेघांवर वाटून ठेवायला लावत, हलका मधे. वाटेत माल उतरला की उरलेल्याची पुन्हा मांडामांड आलीच, म्हणून चालक कुरकुरत. त्यानंतरही मामा गाडी सोडत नसत. काट्यावर आधी पुढची चाकं, मग घोड्याची मागची, मग ट्रेलरची, अशी वेगवेगळी तोलून घेत. तासभर जाई. पण नाक्यावर त्यांची गाडी अडली असं मी कधी ऐकलं नाही. ते मला तेव्हाच दिसायला हवं होतं.

मला दिसला तो फक्त गेलेला तास. गेटसभेत मी मामांकडे बोट दाखवून म्हणालो, "मालकाने यांच्या हाती खडू दिलाय, आणि त्या खडूने हे आपल्या पायांभोवती बेड्या आखताहेत." सगळे हसले. मामा गर्दीच्या कडेला उभे होते. त्यांनी हातातला खडू सदऱ्याच्या खिशात टाकला आणि ते आत गेले. संप होईल या धास्तीने व्यवस्थापकांनी त्यांना सांगितलं, चालक म्हणतील तसं भरा.

दुसऱ्या दिवशी आपल्यातलेच चालक शफीकभाई यांची गाडी भरली. फरशांची खोकी नाशिकला आधी उतरायची, म्हणून सगळी दाराशी. पुढे प्लॅस्टिकच्या खुर्च्या. मामा म्हणाले, "शफीक, अर्धी खोकी पुढं घे." शफीकभाई हसून म्हणाले, "मामा, अब नेताजी का राज है." एकूण वजन कायद्यात होतं. घाटात ट्रेलरचे मागचे टायर फुटले, गाडी कठड्यावर गेली आणि शफीकभाईंचा पाय केबिनमध्ये अडकला.

मी इस्पितळात पोचलो तेव्हा मामा आधीच तिथे होते, शफीकभाईंना चमच्याने पेज भरवत. मला पाहून शफीकभाई एवढंच म्हणाले, "नेताजी, आपकी बात मानी थी." ते अजून लंगडतात.

चौकशीत व्यवस्थापकांनी विचारलं, माल असा कुणी भरू दिला? मामा म्हणाले, "मुकादम मी. खडू मी खिशात टाकला. चूक माजी." तो खिशात टाकायला कुणी लावला, ते त्यांनी सांगितलं नाही. मी त्याच खोलीत बसलो होतो. हजारांच्या सभेत न अडखळणारी माझी जीभ तिथे हलली नाही. मामांना कामावरून दूर केलं. पुढे दुसऱ्या गोदामाने त्यांना बोलावून घेतलं, पण मधले महिने ते घरी बसून होते आणि मी व्यासपीठांवर न्यायाबद्दल बोलत होतो.

हा लेख लिहिण्याआधी मी मामांच्या घरी गेलो. सगळं लिहिणार आहे, म्हणालो. मामांनी चहा पुढे सरकवला. "लिवा. पन माजं मोठं करू नका, तुमचं बारीक करू नका. काट्याचं लिवा."

मामा, मी तुमची माफी मागतो. जिथे तुमचा अपमान केला त्याच लोकांसमोर मागतो. ती इतक्या वर्षांनी मागतोय याचीही लाज वाटते. तुम्हाला भरपूर आयुष्य लाभो, ट्रेलरमध्ये चढण्याइतके गुडघे शाबूत राहोत आणि खिशातला खडू हातात राहो.

आणि चालकांनो, पूर्वी माझं ऐकलंत, आता मामांचं ऐका. उद्या सकाळी काट्यावर एकच चिठ्ठी घेऊन निघू नका. पुढची चाकं, घोड्याची मागची चाकं, ट्रेलरची चाकं वेगवेगळी तोला, आणि तिन्ही आकडे हातात आल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढू नका.