पेनामागून येणारी रेघ

माझा जुना लॅपटॉप ऐन बेदाण्याच्या हंगामात बंद पडला. तासगावातले व्यापारी बेदाण्याच्या खोक्यांवरची आणि पाकिटांवरची चित्रं माझ्याकडून करून घेतात. शेडवर द्राक्षं वाळत पडली की सगळ्यांना एकाच वेळी सगळं हवं असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी पकडून मी सांगलीला गेले.

तिथल्या संगणकाच्या दुकानाचे मालक माझ्या ओळखीचे. त्यांच्या दुकानाची पत्रकं मीच करते. त्यांनी माझ्यासमोर दोन यंत्रं ठेवली. एक लॅपटॉप, इतका सडपातळ की आधी मला ते नुसतं झाकणच वाटलं. दुसरं जोडयंत्र. कीबोर्ड लावला की लॅपटॉप, ओढून काढला की हातात नुसता टॅब्लेट, आणि पडद्यावर लिहायला एक पेन. मला ठरवता येईना. शेवटी मालकच म्हणाले, "ही दोन्ही गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलेलीच आहेत. घरी न्या, चार दिवस काम करून बघा आणि मग सांगा."

आधी मी लॅपटॉप वापरला. जुन्या यंत्रावर जी फाईल उघडेपर्यंत माझा चहा पिऊन व्हायचा, ती क्षणात समोर आली. पंख्याचा आवाज नाही, मांडीला चटका नाही. दिवसभर काम केलं तरी चार्जर पिशवीतच राहिला. एवढ्याशा पातळ वस्तूत हे सगळं कुठं मावतं, हे मला खरंच कळेना. मी तो दोन-तीनदा उलटा करूनही पाहिला. संध्याकाळपर्यंत माझं जवळजवळ ठरलं होतं.

जोडयंत्राचा कीबोर्ड मात्र मला आवडला नाही. मांडीवर ठेवला की तो वाकायचा आणि पडदा मागं कलंडायचा. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते जोडयंत्र बेदाण्याच्या शेडवर घेऊन गेले. ज्या एका व्यापाऱ्यांच्या खोक्याचं काम माझ्याकडं चालू होतं, ते तिथं जाळ्यांवर पसरलेली द्राक्षं बघत उभे होते. मी पडदा कीबोर्डापासून सोडवून खोक्याचं चित्र त्यांच्यापुढं धरलं. "ताई, पिवळा लय भडक हाय," ते म्हणाले. एरवी मी तेवढं ऐकून घरी येते, बदल करते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दाखवते. त्या दिवशी मी जाळीतला एक अर्धवट वाळलेला मणी उचलून पडद्याशेजारी धरला आणि त्याच्याशी रंग जुळवत गेले. ते बघत राहिले. रंग जुळला तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली, आणि शेडवरच्या बायकाही हातातलं काम ठेवून बघायला आल्या.

पण त्या दुपारी घरी जे घडलं, त्यापुढं हे काहीच नव्हतं.

माझे अब्बा पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवरची नावं, शाळेच्या भिंती, हे सगळं त्यांनी आयुष्यभर रंगवलं. घरात आम्ही दखनीत बोलतो, पण पाट्या मराठीत रंगवलेल्या असल्यामुळं अक्षरांची गोष्ट निघाली की अब्बा मराठीवर येतात. काही वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. डॉक्टरांच्या गोळ्यांनी तो कमी झाला, गेला नाही. एक दिवस त्यांनी सगळे ब्रश रॉकेलमध्ये धुतले, पुसले आणि कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवून दिले.

त्या दुपारी मी पेनानं पडद्यावर 'बेदाणा' हा शब्द काढत होते. अब्बा शेजारच्या खुर्चीवर बसून बघत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "द चुकतोय तुझा. पोट मोठं झालंय."

मी पेन त्यांच्यापुढं केलं. त्यांनी घेतलं, पडद्यावर टेकवलं आणि एक रेघ ओढली. ती पाण्यातल्या सावलीसारखी थरथरत खाली गेली. त्यांनी ती पाहिली, पेन माझ्या हातात दिलं आणि उठून अंगणात गेले.

मला फार वाईट वाटलं. मग आठवलं की चित्र काढायच्या त्या ॲपमध्ये रेघ स्थिर करायची एक सोय असते. ती मी कधी वापरली नव्हती, कारण ती वाढवली की रेघ पेनाच्या जरा मागून येते, काकवीतून काडी ओढल्यासारखी. मी ती शेवटपर्यंत वाढवली. मुद्दाम हात हलवत एक रेघ ओढून पाहिली. सरळ आली.

अब्बांना परत बोलावणं सोपं नव्हतं. ते नकोच म्हणत होते. शेवटी अम्मीनंच त्यांना आत आणून बसवलं. एकदा बघायला काय जातंय, एवढंच ती म्हणाली.

त्यांनी पेन टेकवलं. हात थरथरत होता, पेनाचं टोकही थरथरत होतं, आणि त्याच्या मागून रेघ येत होती. शांत, भरीव, न हलणारी. अब्बा थांबले. हाताकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं. मग हळूहळू त्यांनी 'द' काढला. पोट आवरतं घेतलेलं आणि शेपूट आत वळून किंचित वर उचललेलं. तो 'द' मला लहानपणापासून माहीत होता. गावातल्या दवाखान्याच्या, दुधाच्या डेअरीच्या, कितीतरी दुकानांच्या पाट्यांवर मी तो पाहिला होता. तो पुन्हा कधी काढला जाईल असं मला वाटलं नव्हतं.

अम्मी हातातला तांब्या तसाच धरून उभी होती.

मग अब्बांनी विचारलं, "ह्यो मी काढला का मशीननं?"

मी म्हटलं, "मशीननं फक्त कंप काढला. शेपूट कुठं वळवायचं ते तिला कुठनं ठाऊक असणार?"

त्यांनी पेन पुन्हा टेकवलं. दुसरा 'द' काढला, मग तिसरा. तिन्ही वेगवेगळे होते आणि तिन्ही त्यांचेच होते. मला रडू येत होतं, पण त्यांचं लक्ष माझ्याकडं नव्हतंच. ते शिरोरेषेची जाडी कशी वाढवायची, असं विचारत होते.

चार दिवसांनी मी सांगलीला गेले, लॅपटॉप परत केला आणि जोडयंत्राचे पैसे दिले. मालकांना आश्चर्य वाटलं, कारण कामाचा विचार केला तर लॅपटॉपच बरा असं त्यांचं मत होतं, आणि तसं पाहिलं तर ते खरंही होतं. जोडयंत्राच्या कीबोर्डची मला अजून सवय झालेली नाही. घरी मी वेगळा कीबोर्ड जोडून काम करते. मोठ्या फायली उघडल्या की यंत्र तापतं. सकाळी नाष्ट्यानंतर ते अब्बांकडं असतं आणि तेवढा वेळ मी फोनवरची कामं उरकते.

त्या हंगामाच्या शेवटी शेडवरच्या त्या व्यापाऱ्यांनी खोक्यांसाठी अब्बांचीच अक्षरं घेतली. माल ट्रॉलीत भरला जाणार होता त्या दिवशी मी अब्बांना त्यांच्या गोदामावर घेऊन गेले. भिंतीला लागून छतापर्यंत खोकी रचली होती आणि प्रत्येकावर 'बेदाणा' लिहिलेलं होतं. अब्बा दारातच थांबले. मग एका खोक्याजवळ गेले, दुसऱ्याजवळ गेले आणि पुढच्या रांगेतल्या एका खोक्यावर थरथरतं बोट ठेवून त्यांनी 'द'च्या शेपटावरून फिरवलं. आयुष्यात त्यांनी एक अक्षर दोनदा हुबेहूब काढलं नव्हतं. हातानं ते जमतच नाही.

"सगळी एकसारखी?" त्यांनी विचारलं.

"सगळी."

ते कितीतरी वेळ मान वर करून त्या खोक्यांकडं बघत राहिले. हमाल खोकी उचलून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ठेवायला लागले, तेव्हा वाट द्यायला ते बाजूला झाले. मग मला हळूच म्हणाले, "पुढच्या साली ण जरा रुंद घिऊ."