मॅडमआत्यांचं देवघर

मॅडमआत्यांचा देवावर काडीचा विश्वास नव्हता, आणि ब्रह्मा घाटावरचं सगळ्यात मोठं देवघर त्यांच्याच घरी होतं.

मोहल्ल्यातल्या हिंदी बोलणाऱ्यांच्या त्या ‘मैडमजी’, आम्हा मराठी मुलांच्या आत्या, म्हणून मॅडमआत्या. विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवायच्या. परदेशी मदत येऊनही माणसं गाव सोडून का जातात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. इकडे आमच्याच गल्लीतली घरं एकेक करून पुण्याला, नागपूरला, अमेरिकेला निघाली होती. तिकडच्या फ्लॅटमध्ये रोजची पूजा कोण करणार? मग जो तो आपले देव आत्यांकडे ठेवून जाई. “थोडेच दिवस हं!” न्यायला कोणी आलं नाही.

आत्या रोज सकाळी करवादत त्यांना आंघोळ घालत. “हे पुण्याचे, हे न्यू जर्सीचे. डॉलर तिकडे, नैवेद्य इकडे!”

“मग करता कशाला?” मी एकदा विचारलं.

“माझा देवांवर विश्वास नाही गं, पण ठेवून गेलेल्यांचा माझ्यावर आहे ना!”

एकदा मी त्यांच्याबरोबर रामनगरच्या विणकर वस्तीत गेले होते. तिथे परदेशी पैशातून पाणी शुद्ध करायचं मशीन बसवलं होतं. ते सांभाळायची सलमा. तिला नवऱ्याकडे सुरतेला जायचं होतं, पण मशीन कोणावर टाकणार?

“देने वाले तो फोटो खिंचवाकर चले गए, मैडमजी,” ती म्हणाली. “बँध तो हम गए.”

आत्यांनी लिहिणं थांबवलं. परतताना म्हणाल्या, “माझंच सांगत होती गं ती.”

त्याच वर्षी त्यांना परदेशी विद्यापीठाचं बोलावणं आलं. दोन वर्षं तिथे राहून सलमासारख्यांवर पुस्तक लिहायचं. साठी जवळ आलेली. असं बोलावणं पुन्हा येणार नव्हतं. तोवर देव माझ्या आईने सांभाळायचं ठरलं. आत्यांनी लोकरीचा कोट घेतला आणि भर मे महिन्यात तो अंगात घालून आम्हाला दाखवला. घाम पुसत होत्या, हसत होत्या. इतकं खूश मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं.

आणि बाबांची बँकेच्या पुण्याच्या शाखेत बदली झाली. आत्यांना सांगायला आईबरोबर मी गेले. आईच्या हातात रेशमी फडक्यात बांधलेले आमचे देव होते.

“थोडेच दिवस हं, ताई,” आई म्हणाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आत्यांनी आईकडे पाहिलं, मग फडक्याकडे. खुंटीवरचा कोट काढला, नीट घडी करून जुन्या ट्रंकेच्या तळाशी ठेवला. मग देवघरासमोर बसून न्यू जर्सीचे देव थोडे सरकवले.

“तुमच्या बाळकृष्णाला लोणी लागतं ना गं?” त्यांनी विचारलं.