वैनीचं आस्ता मान्याना

पाच वाजता कारखान्याची घंटा झाली की वैनी फाटकाशी उभी राहायची, काजूच्या चिकाने काळा पडलेला हात वर करायची आणि म्हणायची, “आस्ता मान्याना.” बाहेर पडणाऱ्या प्रत्येक बाईने तेच उलट म्हणायचं. म्हटल्याशिवाय ती कुणाला सोडत नसे.

तुम्हाला वाटेल, वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात हे कुठून आलं? वैनीचा नवरा मालवाहू जहाजावर खलाशी होता. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत त्याचं जहाज स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांच्या बंदरांत जायचं. वर्षातून एकदा तो घरी यायचा. येताना वैनीसाठी साबण आणायचा, अत्तर आणायचा आणि थोडे शब्द आणायचा. शब्द सगळे निरोपाचे.

“नमस्कार कसो करतत, तां नाय शिकले?” आमच्यातल्या एकीने विचारलं.

“जहाज लागताना हे दोर ओढीत आसतत,” वैनी म्हणाली. “सुटताना काठावरची माणसां हात हलवतत. ताच कानात रवला.”

काजू फोडता फोडता ती आम्हाला शिकवायची. आस्ता मान्याना म्हणजे उद्या भेटू. आस्ता लुएगो म्हणजे मग भेटू. शनिवारी मात्र आस्ता एल लुनेस, सोमवारी भेटू. एका शनिवारी एक बाई सवयीने आस्ता मान्याना म्हणून रस्त्याला लागली. वैनीने तिला हाक मारून परत आणलं.

“फाल्या ऐतवार. फाल्या येवन कोणाक भेटतलंस? कुलपाक?”

तिच्या मते निरोप म्हणजे दिलेला शब्द. आम्हीही तसंच धरून बसलो. एकदा एक बाई अंगात ताप घेऊन कामावर आली. मुकादमाने विचारलं, “कित्या इलंस गो?” ती म्हणाली, “काल आस्ता मान्याना म्हटलंय मा.” मुकादमाने कपाळाला हात लावला. वैनीने तिला चहा पाजला आणि फाटकापर्यंत नेलं. “आता आस्ता लुएगो म्हण. लुएगोक दिस नाय. बरी झालंस काय ये.”

आदियोस हा शब्द आम्हाला फार गोड वाटे, पण त्याला वैनीची बंदी होती. तो लांब जाणाऱ्याला म्हणतात, असं तिचं म्हणणं. आपण घरातून निघताना ‘जातंय’ म्हणत नाही, ‘येतंय’ म्हणतो, तसंच हे. सुट्टीवर आलेला नवरा एकदा तिचा विसरलेला डबा घेऊन कारखान्यात आला, तेव्हा आम्ही त्यालाच विचारलं.

तो हसला. “थंय रस्त्यात समोर इलेल्या माणसाकय म्हणतत. वायट काय नाय तेच्यात.”

“थंय म्हणांदेत,” वैनी म्हणाली. “हय म्हणूचा नाय.”

कप्तानाचा हुकूम झाल्यासारखा तो डबा ठेवून फाटकाकडे वळला.

माझी गोष्ट वेगळी. सगळे शब्द मला येत होते, पण चार माणसांत माझा आवाज फुटत नसे. चौथीपर्यंत शाळेत गेले, तिथेही हजेरीला नुसता हात वर करायचे. फाटकातून मी दुसऱ्या बायकांच्या आडोशाने सटकायचे. वैनीला ते दिसायचं.

“तुझो आवाज माका ऐकूचो आसा, बाय,” ती हळूच म्हणायची. “कधीतरी ऐकतलंय.”

मग नवऱ्याने जहाज सोडलं. त्याला गोव्याच्या मुरगाव बंदरात काम मिळालं, वास्कोत त्याने खोली घेतली आणि वैनी कायमची तिकडे राहायला निघाली. इतकी वर्षं स्टँडवर त्याला निरोप देणारी बाई आता स्वतः गाडीत बसणार होती. शेवटच्या दिवशी आनंदात तिने चांगले गर टरफलांच्या टोपलीत टाकले आणि टरफलं गरांत. मुकादमाने ते स्वतः बसून निवडले.

तिला सोडायला आम्ही सगळ्या स्टँडवर गेलो. ती खिडकीशी बसली आणि आमच्याकडे बघत राहिली. तेव्हा कळलं, आम्ही कुणीच ठरवलं नव्हतं काय म्हणायचं ते. मान्याना खोटं झालं असतं, लुनेसही खोटं. एकीच्या ओठावर आदियोस आलेलं दिसलं, तर दुसरीने तिला चिमटा काढला. सगळ्या नुसत्या हसत होत्या, डोळे पुसत होत्या. कंडक्टरने घंटी दिली. कुणाला शब्दाशिवाय न सोडणारी वैनी शब्दाशिवाय चालली होती.

माझ्याकडे शब्द होता. गाडी हलली, तशी मी तिच्याबरोबर चालू लागले. खिडकीला हात लावला आणि म्हटलं, “आस्ता लुएगो, वैनी.” इतक्या मोठ्याने म्हटलं की केळीवाला वळून बघू लागला.

वैनीने काळा हात बाहेर काढून माझ्या हातावर ठेवला. “येतंय गो,” ती म्हणाली. “ऐकलंय हां तुका.”

ती अजून आलेली नाही. लुएगोला दिवस नसतो.

परवा कामावर एक नवीन मुलगी आली. संध्याकाळी फाटकाशी मी हात वर करून “आस्ता मान्याना” म्हटलं, तर ती बघतच राहिली. “वेंगुर्ल्यात असाच म्हणतत?” तिने विचारलं.

“ह्या फाटकार म्हणतत,” मी सांगितलं, आणि ती म्हणेपर्यंत वाटेतून बाजूला झाले नाही.