डिस्टंट म्हणजे किती किलोमीटर?

हसू नका म्हटलं तरी तुम्ही हसालच, तेव्हा सांगूनच टाकतो. एका इंग्रजी शब्दानं माझी पार शोभा केली.

माझी मुलगी सई सातवीत आहे. एके दिवशी तिच्या डायरीत क्लासटीचर मॅडमनी लिहून पाठवलं, 'सई हॅज बिकम व्हेरी डिस्टंट लेटली.'

आता फॅक्टरीत अठरा वर्षं इंग्रजी नोटशीट वाचणारा माणूस मी! तरी डिक्शनरी काढली. डिस्टंट : दूरचा, लांबचा. अन् लेटली म्हणजे लेट, त्यात काय बघायचं? घर लांब, म्हणून पोरगी उशिरा पोचून राहिली!

बायको म्हणाली, "अहो, काहून उशीर होईल? ऑटो तर सातलाच येतो न!"

"येतो सातला, पण मग वाटेतल्या गोहलपूर मोहल्ल्यात गल्लोगल्ली फिरून राहिला असेल!"

मी ठसक्यात इंग्रजीत उत्तर लिहिलं : घर ते शाळा फक्त पाच किलोमीटर. ऑटो बंद. उद्यापासून मी स्वतः सोडीन.

आठवडाभर सईला स्कूटरवर नेलं. तेही गेट उघडायच्या आधी! चौकीदार म्हणाला, "साहब, अभी तो झाडू भी नहीं लगी."

शनिवारी मॅडमनी बोलावलं. शाबासकी घ्यायलाच निघालो की मी!

"मॅडम, अब तो बच्ची टाइम पर आती है न?"

"टाइम पर तो हमेशा आती थी जी. मैंने लिखा था, आजकल गुमसुम रहती है. किसी से बोलती नहीं."

"पर आपने तो डिस्टंट लिखा था..."

"वही तो!"

कान लाल झाले माझे. पण खरं सांगू? लाजेपेक्षा नवल जास्त वाटलं. माणूस पहिल्या बाकावर बसूनही दूर असतो, अन् इंग्रजीत त्यालाही तोच शब्द? घरी येऊन पुन्हा डिक्शनरी उघडली. दुसऱ्या नंबरावर लिहिलेलंच होतं : अलिप्त, मनानं दूर गेलेला. मी पहिल्याच अर्थावर थांबलो होतो!

सईला जवळ बसवलं. "काय झालं बेटा?"

ती म्हणाली, "रिद्धी गेली, बाबा. तिच्या पप्पांची भोपाळला बदली झाली."

रिद्धी म्हणजे तिची बालवाडीपासूनची मैत्रीण.

"मग मला काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं न! जेवताना. तुम्ही मोबाइल बघून राहिले होते. म्हणाले, 'अच्छा, भोपाळ! तीनशे किलोमीटर. काही लांब नाही.'"