मोटारीचं मागचं दार

कचेरीत त्यांना तोंडावर 'साहेब' आणि पाठीमागे 'मुदतवाढ' म्हणत. विरोधी पुढाऱ्याच्या खुनाची चौकशी त्यांच्या गळ्यात पडल्यापासून दोन सरकारं पडली, साहेबांना टक्कलही पडलं. वाढत राहिली ती फक्त मुदत. "तुमच्या साक्षीदारांपेक्षा तुमचे गुडघे जास्त बोलतात," असं बायको म्हणायची.

आता सगळं एका दारावर येऊन ठेपलं होतं. पुढाऱ्याच्या मोटारीचं मागचं दार, आणि त्यातलं गोळीचं भोक. सरकारचं म्हणणं, मारेकरी रस्त्यात उभे होते. पुढाऱ्याच्या बायकोचं म्हणणं, सरकारनंच दिलेल्या अंगरक्षकानं आत बसून गोळ्या झाडल्या. भोकाच्या कडा बाहेर वळलेल्या असल्या तर बाई खऱ्या. फायलीतले फोटो कधीच गहाळ झाले होते. दार बघायची परवानगी मात्र अखेर मिळाली.

चौकीच्या आवारात हवालदारानं ताडपत्री ओढली. मोटार अशी चमकत होती, की साहेबांना तिच्यात आपलं टक्कल दिसलं.

"हे काय रे?"

"मंत्री यायचे होते ना साहेब, पाहणीला. वरून हुकूम आला, आवार चकाचक पाहिजे. मग पत्रा ठोकला, लांबी भरली, रंग मारला. दाराला एक भोक होतं, तेही बुजवलं." हवालदार शाबासकीच्या आशेनं उभा होता. "बघा, जागा सापडते का."

साहेबांनी हात फिरवून पाहिला. नाही सापडली. हा कावा होता की नुसती टापटीप? हवालदाराच्या चेहऱ्यावर तर निव्वळ टापटीप होती. आणि 'वरून' म्हणजे नेमकं कुठल्या मजल्यावरून, हे आजवर कुठल्याच चौकशीत निघालेलं नव्हतं.

"पुरावा उपलब्ध नाही, असं लिहा आणि सुटा एकदाचे," वरिष्ठ प्रेमानं म्हणाले. साहेबांना सुटायचं होतंच. पण सहीआधी ते बाईंकडे गेले आणि सगळं सांगितलं.

बाई भाजी निवडत होत्या. हात थांबले, पुन्हा चालू झाले.

"रंग तरी तोच दिलाय का?"

"तोच."

"बाहेरून हात लावला, तेव्हा त्या भोकाच्या कडेनं माझं बोट कापलं होतं," त्या म्हणाल्या. "सही करणार तुम्ही?"

"केली तर प्रकरण बंद. नाही केली तर मला काढतील आणि नवा माणूस आणतील."

"म्हणजे त्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायचं. ते निघाले कधी, शर्ट कुठला होता..." त्यांनी डोळे मिटून घेतले. "तुम्हाला दोन-दोनदा, मोठ्यानं सांगतानाच किती दमले होते मी."

"मग करून टाकू सही?"

त्यांनी उरलेली जुडी निवडून संपवली. मग निवडलेली भाजी उचलून उठल्या.

"नका करू. सांगीन मी. फक्त जरा बरं ऐकू येणारा माणूस पाठवा म्हणावं."