भाऊजींना दुश्मन मिळेना

जवळ ये गं बाई, निदान कान तरी जवळ आण. पुण्यात बसून तुला तेवढंच जमतं. लिहितेय मी, पण तू ऐकल्यासारखं वाच. भाऊजींचा व्हिडिओ पाहून तुम्ही पोरी पोट धरधरून हसलात, हे इथं भोकरदनला मला कळलंय. हसा, पण अर्धवट पाहून हसू नये माणसानं. तुझ्या आजोबांचे हे मावसभाऊ, म्हणजे माझे भाऊजी, यांच्याइतका शूर माणूस सबंध जालना जिल्ह्यात सापडायचा न्हाई, आणि यांच्याइतका भित्राही. दोघं एकाच सदऱ्यात राहतात.

सगळी नोकरी त्यांनी वाटूरकडं ड्रिल मास्तर म्हणून काढली. त्यांनी 'सावधान' म्हटलं की पोरं तर पोरं, ग्राउंडवर चरणारी गाढवंसुद्धा ताठ व्हायची. रिटायर होऊन इकडं शेतातल्या घरात राहायला आले आणि वर्षभरात आमची जाऊ गेली. मंग गेल्या उन्हाळ्यात एक दिवस भर दुपारी कोणी अनोळखी माणूस आवाज न देता अंगणात शिरला. बिचाऱ्याची मोटारसायकल पंक्चर झाल्ती, पाणी मागायला आल्ता. पण भाऊजींच्या तोंडून शब्द फुटेना, हात उचलेना. उभा जन्म दुसऱ्यांना सावधान केलं आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा दगड झाले. त्या माणसानं रांजणातलं पाणी स्वतः घेतलं, वर एक तांब्या यांनाच पाजला आणि विचारलं, "आजोबा, बरं वाटून न्हाई राह्यलं का?" ते पाणी भाऊजींना अजून पचलं न्हाई. त्याच दिवशी त्यांनी ठरवलं की पिस्तुलाचं लायसन काढायचं, आणि ते येईपर्यंत सराव करायचा. सराव पण खराखुरा.

सरावासाठी वाटूरच्या ओळखीच्या सुताराकडून सागवानी पिस्तूल करून घेतलं. सुतारानं आयुष्यभर पाळणे आणि पाट केलेले. मुठीवर पोपट कोरल्याशिवाय त्याचा हात थांबेना. भाऊजी म्हणाले, असू द्या, चोराला पोपट पाहायला वेळ कुठं असतो.

त्यांचं शास्त्र मात्र बराबर होतं, ते मी कबूल करते. भिंतीवरच्या ठिपक्यावर नेम धरून काय उपयोग, म्हणायचे. चोर काय भिंतीला चिकटून उभा राहतो? संकट दोन हातांवर येतं, जल्दी येतं, आणि तेव्हा आपले हात नेमके कणकेत असतात. म्हणून मला कणीक मळायला बसवलं आणि स्वतः चोर होऊन दारातून धाडकन आत आले. मी दोन पावलं मागं सरायचं, बोंब मारायची, धान्याच्या कोठीमागं आडोसा घ्यायचा, असं सगळं ठरलं होतं. पण एवढा उन्हातून आलेला माणूस. मी म्हटलं, "या भाऊजी, बसा, चहा टाकते."

ते कमरेवर हात ठेवून म्हणाले, "वहिनी, तुम्ही मेलात."

मी म्हटलं, बरं, मेले. साखर किती टाकू?

त्यांचा पहिला नियम असा की बोट चापावर ठेवायचं न्हाई, बाहेर सरळ ठेवायचं. हा नियम अंगात इतका मुरला की कप धरला तरी बोट सरळ, खुरपं धरलं तरी सरळ, स्वयंपाकघरातलं लायटर धरलं की गॅस पेटायचा न्हाई. दुसरा नियम, हत्यार रिकामं असलं तरी भरलेलंच समजायचं. म्हणून तांब्या असो की फवारणीचा पंप, दोनदा उघडून पाहिल्याशिवाय उचलत न्हाईत. आणि तिसरा, तोंड कधी माणसाकडं करायचं न्हाई, जमिनीकडं करायचं. हा नियम घेऊन ते नात्यातल्या एका लग्नात वरण वाढायला उभे राह्यले. पळीचं तोंड जमिनीकडं. सगळी पंगत कोरडा भात खाऊन उठली आणि वरण मांडवभर झालं. तू पाहिलास तो व्हिडिओ कापसाच्या ढिगामागं कोलांटी मारायचा. त्याच्यापुढं काय झालं ते कोणी टाकलं न्हाई. पोपट कापसात हरवला आणि मी, भाऊजी अन् व्हिडिओ काढणारं पोरगं, आम्ही तिघं दिवस मावळेपर्यंत ढीग उपसत होतो.

पण एक सांगते. या सगळ्या धडपडीत ते दर वेळी एक वाक्य म्हणायचे: आधी लांब व्हा, मंग ओरडा, मंग आडोसा, हत्यार शेवटी, आणि ते कमरेलाच राह्यलं तर समजा तुम्ही जिंकलात. असं बोलणारा माणूस खुळा कसा म्हणावा?

गाडी अडली ती अर्जावर. जिवाला धोका कोणापासून, ते सांगा म्हणे. भाऊजी तीन दिवस विचार करून राह्यले. ज्यांना छड्या मारल्या त्या पोरांकडं जाऊन आले, तर त्यांनी पाया पडून जेवू घातलं. शेवटी शेताचा शेजारी उरला. बांधावरून भांडण न्हाई असं शेत आपल्याकडं दाखव मला. पण हे दोघं असे, की नांगरताना दरवर्षी एकेक तास, म्हणजे नांगराची एक ओळ, दुसऱ्यासाठी सोडायचे. बांध इतका रुंद झाला की आता त्यावरून बैलगाडी जाते. भाऊजींनी त्याला गळ घातली की तू माझा दुश्मन हो. जास्त काही न्हाई, भर बाजारात एकदा 'तुला पाहून घेतो' म्हण, म्हणजे धमकी पक्की. आठ दिवस त्याची तालीम घेतली. बाजाराच्या दिवशी तो माणूस घामाघूम होत पुढं आला आणि मोठ्यानं म्हणाला, "मास्तर, तुम्हाला पाहून घेतो." अहोजाहो करून दिलेली धमकी तिथल्या भाजीवाल्यांनी पहिल्यांदाच ऐकली. मंग दोघांनी मिळून भजी खाल्ली.

चौकशीला पोलीस ठाण्यातले जमादार शेतातच आले. जबाब द्यायला मी आणि हा दुश्मन. भाऊजी इस्त्रीचा सदरा घालून बाजेवर ताठ बसलेले. जमादारांनी शेजाऱ्याला विचारलं, तुम्ही यांना पाहून घेतो म्हणालात हे खरं का?

"म्हणलो साहेब," तो खाली बघत म्हणाला. "अन् घेतो बी. रोज सकाळी येऊन पाहून घेतो, मास्तर उठले का, चूल पेटली का. बाई गेल्यापासून एक दिस चुकवला न्हाई."

भाऊजींनी डोळे मिटले. मंग माझी पाळी आली. एकटे राहतात, कोणी येत न्हाई, कोणी जात न्हाई, असं सांगायचं मला घोकून दिलेलं. पण गं, परक्या माणसासमोर आपल्या घरचा माणूस वाऱ्यावर पडलाय असं कसं सांगायचं? माझी जीभच वळेना. मी म्हटलं, एकटे कशानं? मी आठवड्यातून दोनदा येते, पोरंबाळं येऊन-जाऊन असतात, माझी पुण्याची नात तर दर महिन्याला येऊन राहते. जमादारांनी सगळं लिहून घेतलं, मी खाली सही केली. अर्ज नामंजूर झाला. धोका दिसून येत न्हाई.

भाऊजी चार दिवस माझ्याकडं फिरकले न्हाईत. पाचव्या दिवशी आपले आपणच आले, ओट्यावर बसले. चहा दिला, तो त्याच सरळ बोटानं धरला. मंग म्हणाले, "वहिनी, जबाबात सांगितलं तसं बराबर असतं, तर मी अर्ज कशाला केला असता?"

  तेव्हापासून मी सोमवार-गुरुवार भाकरी बांधून शेतात जाते आणि दिवस कलेपर्यंत बसते. शेजारी सकाळी असतोच. जबाबातलं बाकी सगळं मी एकेक करून खरं करत आणलंय, फक्त तुझं तेवढं वाक्य राह्यलंय, ते काही मला एकटीला जमायचं न्हाई. सुट्टी न्हाई, वेळ न्हाई ते मला सांगू नको. दर महिन्याचं सोड, एकदा तरी ये बाई. जल्दी ये.